पंचेचाळीस पुरुष आणि माझी नात

फेब्रुवारीतल्या तिसऱ्या सोमवारी अमेरिकेत 'प्रेसिडेंट्स डे'ची सुट्टी असते. केंद्र सरकारच्या कायद्यात तिचं नाव अजूनही 'वॉशिंग्टनचा जन्मदिवस' असंच आहे. गंमत म्हणजे वॉशिंग्टन जन्मला २२ फेब्रुवारीला आणि तिसरा सोमवार कधीच २१ तारखेच्या पुढे जात नाही. ज्याच्या नावाची सुट्टी, त्याच्या वाढदिवसाला ती पडूच शकत नाही. यंदा मी न्यू जर्सीत मुलाकडे होते. सुट्टीच्या आधल्या आठवड्यात सहावीतल्या नातीनं शाळेतून एक कागद आणला. त्यावर बारा प्रश्न होते: गटात काम करताना तू पुढाकार घेतेस की आधी ऐकून घेतेस, राग आला तर बोलून दाखवतेस की गिळतेस, अशा धाटणीचे. उत्तरांच्या गुणांची बेरीज करायची, आणि आपण कोणत्या राष्ट्राध्यक्षासारखे आहोत ते खालच्या तक्त्यात पाहायचं. तळाशी दोन ओळींची जागा होती: 'का ते लिही.' आमची नात मुळात अबोल. तिच्या वाट्याला आला कॅल्विन कूलिज, १९२३ ते १९२९ या काळातला राष्ट्राध्यक्ष. कमी बोलण्यामुळे लोक त्याला 'सायलेंट कॅल' म्हणत.

रात्री जेवणाच्या टेबलावर यावरून चांगलंच वाजलं. मुलाचं म्हणणं, निदान लिंकन तरी यायला हवा होता. कूलिज म्हणजे कोण, हे इथल्या निम्म्या लोकांनाही सांगता येणार नाही. सुनेचं म्हणणं, मुळात आपल्या पोरीनं परक्या देशाच्या पुढाऱ्यांत स्वतःला का शोधावं? आपल्याकडे थोर माणसांचा दुष्काळ पडलाय का? व्याही त्या दिवशी जेवायला होते. त्यांनी सगळा प्रकारच वर्तमानपत्रातल्या राशिभविष्याच्या लायकीचा ठरवला. शेवटी मुलगाच म्हणाला, 'टाइमपास आहे हो, सोडा ना.' मी त्या रात्री गप्प बसले. माझ्या मते सगळेच चुकीचं भांडत होते आणि कढी गार होत होती.

माझं म्हणणं असं: तुलना जरूर करावी, लहानांनी करावी आणि मोठ्यांनीही करावी. फक्त स्वभावाला स्वभाव जुळवत बसू नये. त्या माणसाच्या आयुष्यातला एखादा प्रसंग उचलावा आणि आपल्या एखाद्या प्रसंगाशेजारी ठेवून पाहावा. शक्यतो तो माणूस जिथे चुकला, तोच प्रसंग घ्यावा.

विरोधकांचं जे बिनतोड आहे ते आधी कबूल करते. व्याह्यांचा राशिभविष्याचा टोला अगदी शब्दशः खरा आहे. बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९४८ साली आपल्या विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व-चाचणी घेतली आणि आठवड्यानं प्रत्येकाच्या हातात 'फक्त तुमच्यासाठी' म्हणून एक स्वभाववर्णन दिलं. ते कितपत जुळतं याला पाचपैकी गुण द्यायचे होते. सरासरी ४.२६ आली. मग त्यानं उघड केलं की सगळ्यांना दिलेला मजकूर एकच होता, आणि त्यातली बरीच वाक्यं रस्त्यावरच्या स्टॉलवर मिळणाऱ्या भविष्याच्या पुस्तकातली होती. 'वरून तुम्ही शिस्तीचे वाटता, पण आत कुठेतरी अस्वस्थ असता' हे वाक्य कुणाला लागू पडत नाही? लिंकनला पडतं, निक्सनला पडतं, आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीलाही पडतं.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे आणि त्या रात्री तो कुणीच काढला नाही. आजवर अमेरिकेत ४५ माणसांनी हे पद भूषवलं आणि ते ४५ही पुरुष. एका अकरा वर्षांच्या सावळ्या मुलीला सांगायचं, यांतला एक निवड, त्यात तू दिसशील. त्यांतल्या बारा जणांनी आयुष्यात कधी ना कधी माणसं गुलाम म्हणून बाळगली होती. 'मी त्याच्यासारखी आहे' असं लिहिताना ती मुलगी नेमकं काय स्वीकारते आहे? या प्रश्नाला 'टाइमपास' हे उत्तर चालणार नाही. मी त्याच्याकडे परत येणार आहे.

तिसरा आक्षेप उद्धटपणाचा: कुठे ते आणि कुठे आपण! याचं गाजलेलं उदाहरण १९८८च्या ऑक्टोबरातलं, उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या जाहीर चर्चेतलं. तरुण सेनेटर डॅन क्वेल म्हणाले की केनेडी राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले तेव्हा काँग्रेसमधला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेतला, त्यांचा जितका अनुभव होता, तितका माझाही आहे. समोर वयस्कर लॉइड बेंट्सन होते. 'मी जॅक केनेडींबरोबर काम केलंय, मी त्यांना ओळखत होतो, ते माझे मित्र होते. सेनेटर, तुम्ही जॅक केनेडी नाही.' सभागृहात टाळ्यांचा कडकडाट. पण थोडं थांबून ऐका. क्वेल बोलत होते वर्षांबद्दल. मी केनेडींसारखा आहे, असं ते म्हणालेच नव्हते. बेंट्सननी वर्षांच्या हिशोबाला व्यक्तिमत्त्वाच्या दाव्याचं रूप दिलं आणि एका वाक्यात तो चिरडला. टाळ्या त्यांना मिळाल्या, निवडणूक बुश आणि क्वेल जिंकले. माझा मुद्दा या दोघांमधल्या फटीत आहे. क्वेलनी केलेली तुलना तपासता येते: वर्षं मोजा, खरं की खोटं ते कळेल. 'तुम्ही केनेडी नाही' हे कसं तपासणार? केनेडी तरी कुणी दुसरा होता का?

आणि उद्धटपणाच म्हणाल, तर खुद्द राष्ट्राध्यक्ष या खेळात सगळ्यांच्या पुढे असतात. ११ फेब्रुवारी १८६१ला लिंकन आपलं स्प्रिंगफील्ड गाव सोडून राजधानीला निघाला. दक्षिणेतली राज्यं फुटून निघाली होती. स्टेशनवर जमलेल्या गावकऱ्यांना तो म्हणाला की वॉशिंग्टनवर जे काम येऊन पडलं होतं, त्याहून मोठं काम माझ्यापुढे आहे. वरवर पाहता केवढी घमेंड! पण शब्द बघा. 'मी वॉशिंग्टनहून मोठा' असं तो म्हणत नाही. त्यानं कामाशी काम जोखलं, आणि देवाच्या मदतीशिवाय मला हे जमणार नाही असंही लगेच जोडलं.

याच्या अगदी उलटी तुलना ९ ऑगस्ट १९७४ची. वॉटरगेटनंतर, म्हणजे विरोधी पक्षाच्या कार्यालयातली घरफोडी दडपण्याचं प्रकरण उघड झाल्यावर, राजीनामा दिलेला निक्सन व्हाइट हाउसच्या कर्मचाऱ्यांचा निरोप घेत होता. चारचौघांत तो चष्मा सहसा लावत नसे. त्या दिवशी लावला आणि थिओडोर रूझवेल्टनं तरुणपणी लिहिलेला एक मजकूर वाचून दाखवला. १४ फेब्रुवारी १८८४ या एकाच दिवशी, एकाच घरात रूझवेल्टची आई आणि बायको दोघी गेल्या होत्या. माझ्या आयुष्यातला प्रकाश कायमचा गेला, अशा अर्थाचं त्यानं लिहून ठेवलं होतं. निक्सनचं म्हणणं असं की तोही संपला नाही, पुढे राष्ट्राध्यक्ष झाला, म्हणजे आपलंही संपलेलं नाही. ते भाषण ऐकताना मला त्या माणसाची कीव येते आणि रागही येतो. रूझवेल्टवर मरण कोसळलं होतं. निक्सननं आपणच केलेली फसवणूक आपल्याच कार्यालयातल्या टेपवर नोंदवून ठेवली होती. दुःखाशी दुःख जुळवलं आणि कारण तेवढं सोयीनं गाळलं. आपण स्वभाव जुळवायला बसतो तेव्हा नेमकं हेच करतो.

स्वभावाची तुलना का फसते, याला माझ्या मते दोन माणसं पुरेत. पहिला हर्बर्ट हूवर. लहानपणीच आईबाप गेले, पुढे खाण-अभियंता झाला, पैसा कमावला. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी व्यापलेल्या बेल्जियममधल्या उपाशी लोकांना धान्य पोचवण्याची प्रचंड यंत्रणा त्यानं उभी केली. १९२७च्या मिसिसिपीच्या महापुरातही मदतकार्याला तोच धावला. काटेकोर, मेहनती, लाजाळू. सरकारी खैरातीपेक्षा लोकांच्या स्वयंस्फूर्त मदतीवर विश्वास ठेवणारा. १९२८ला तो ४८पैकी ४० राज्यं जिंकून निवडून आला. पुढच्याच ऑक्टोबरात शेअर बाजार कोसळला. माणूस तोच, मेहनत तीच, विश्वासही तेच, आणि बेघरांनी पत्र्या-पुठ्ठ्यांच्या झोपडपट्ट्यांना 'हूवरव्हिल' नाव दिलं. १९३२ला त्याच्या हाती जेमतेम सहा राज्यं आली. तक्त्यात 'तू हूवरसारखी' असं आलं, तर पोरीनं काय समजायचं? बेल्जियम की हूवरव्हिल?

दुसरा युलिसीस ग्रँट. सैन्यातून राजीनामा दिला, शेती केली, ती बुडाली. सेंट लुइसच्या रस्त्यांवर त्यानं जळाऊ लाकडं विकली. १८६०मध्ये, अडतिसाव्या वर्षी, तो बापाच्या चामड्याच्या दुकानात धाकट्या भावांच्या हाताखाली काम करत होता. त्या वर्षी त्याची चाचणी घेतली असती तर निकाल काय लागला असता, सांगायला नको. चार वर्षांत तो अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या सगळ्या फौजांचा सरसेनापती होता. पुढे राष्ट्राध्यक्ष झाला आणि ज्या चिकाटीनं, ज्या सहकाऱ्यांवर विसंबण्याच्या सवयीनं युद्ध जिंकलं, तीच सवय भ्रष्ट मित्रांना पाठीशी घालायला कारणी लागली. त्याचा स्वभाव नेमका कुठला?

इथे कुणी म्हणेल, हे शाळेतल्या कागदाचं झालं, अभ्यासकांचं काय? प्रश्न रास्त आहे. जेम्स डेव्हिड बार्बर या राज्यशास्त्रज्ञानं १९७२मध्ये राष्ट्राध्यक्षांचे चार गट पाडले: कामात किती जोर लावतात ही एक मोजपट्टी, त्या कामात त्यांना आनंद मिळतो की नाही ही दुसरी. निक्सनला त्यानं 'जोरदार पण आतून कडवट' अशा गटात टाकलं आणि हा माणूस अडचणीत आला की हट्टाला पेटेल, असा इशारा दिला. दोन वर्षांत वॉटरगेटनं तो इशारा खरा केला. हे साधं यश नाही; माझ्या मताविरुद्धचा हा सगळ्यात जड पुरावा आहे. पण त्याच गटात त्यानं लिंडन जॉन्सनलाही बसवलं होतं. समोरच्याच्या अंगावर जवळजवळ रेलून, खांदे धरून, धमकावत, गोंजारत जॉन्सन मतं मिळवायचा. त्या अंगचटीला येणाऱ्या दांडगाईतून १९६४चा नागरी हक्क कायदा झाला, १९६५चा मतदान हक्क कायदा झाला, आणि तीच दांडगाई त्याला व्हिएतनाममध्ये खोल घेऊन गेली. आयझेनहॉवरला बार्बरनं निष्क्रिय ठरवलं होतं. पुढे कागदपत्रं उघडली तेव्हा फ्रेड ग्रीनस्टाइन या अभ्यासकाला दिसलं की हा गोल्फ खेळणारा आजोबा पडद्यामागे सगळी सूत्रं हलवत होता. आयुष्यभर याच विषयावर घालवलेल्या माणसाला जे निसटतं, ते बारा प्रश्नांच्या बेरजेत सापडेल?

मग उरतं काय? उरतात प्रसंग. जुलै १८६३. गेटिसबर्गची लढाई उत्तरेनं जिंकली, पण सेनापती मीडनं पळणाऱ्या शत्रूचा पाठलाग केला नाही आणि दक्षिणेचा सेनापती ली याचं सैन्य नदीपलीकडे निसटलं. लिंकन भयंकर चिडला. १४ जुलैला त्यानं मीडला पत्र लिहिलं: तुमची सोन्यासारखी संधी गेली आणि त्यामुळे मला अपार यातना होत आहेत. मग ते पाकिटात घातलं आणि वर लिहून ठेवलं, 'कधीही पाठवलं नाही, सही केली नाही.' लिंकन शांत स्वभावाचा होता का? पत्र वाचा, शांत माणूस असं लिहीत नाही. राग त्याला आलाच होता. त्यानं फक्त पाकीट टेबलावरून पुढे सरकू दिलं नाही. मी लिंकनसारखी आहे का, या प्रश्नानं मला छान झोप लागते. गेल्या महिन्यात रागाच्या भरात पाठवलेला तो मेसेज मी का थांबवला नाही, या प्रश्नानं लागत नाही.

लिंकनची गोष्ट निघालीच आहे तर आपल्याकडच्या एका पत्राबद्दल बोलायला हवं. त्यानं मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेलं म्हणून जे पत्र महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांच्या भिंतीवर फ्रेममध्ये असतं, ते लिंकनच्या संग्रहित लेखनात कुठेही सापडत नाही. मी ज्या शाळेत शिकवलं तिथेही ते होतं आणि दर शिक्षकदिनाला एक मुलगा ते पाठ म्हणायचा. मजकूर सुंदर आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण मूल्यं खरी वाटावीत म्हणून आपल्याला खोटी सही का लागते? अमेरिकनांनीही हेच केलं. चेरीचं झाड तोडून वडिलांपुढे खरं बोलणारा छोटा वॉशिंग्टन ही कथा पार्सन वीम्स नावाच्या चरित्रकारानं १८०६च्या आवृत्तीत घातली. वॉशिंग्टन तेव्हा मरून सहा-सात वर्षं झाली होती आणि कथेला आधार काहीच नव्हता. खरं बोलावं हे शिकवायला एक थाप! तुलनेसाठी माणूस चकचकीत करायला घेतला की शेवटी माणूस जातो आणि चकाकीच उरते.

आता सूनबाईंच्या प्रश्नाकडे. आपली माणसं का नकोत? हवीत की. पण प्रामाणिकपणे सांगा, आपल्या थोरांच्या चुका चारचौघांत मोजायची सोय आपण ठेवलीय का? निक्सनच्या सुमारे ३,७०० तासांच्या टेप आहेत. तो शिव्या देताना ऐकता येतो. लिंकनचं न पाठवलेलं पत्र वाचता येतं. आपण आपल्या थोरांना इतक्या उंच चौथऱ्यावर बसवलंय की वर फक्त हार पोचतो. ज्याची पूजा होते त्याच्याशी तुलना होत नाही, आणि झालीच तर पोलीस बंदोबस्त लागतो. शिवाय अमेरिकेशी तुलना परकी, असं मराठी माणसानं तरी म्हणू नये. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' छापलं ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण करून. निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी जी निरपेक्ष वृत्ती दाखवली, तिचा कित्ता माझ्या देशबांधवांनी शूद्र बांधवांना ब्राह्मणी दास्यातून सोडवण्यासाठी गिरवावा, ही इच्छा त्यांनी तिथेच लिहिली. लिंकनचा खून होऊन आठ वर्षं झाली होती. त्याचं नाव घालणं किती सोपं होतं! जोतीरावांनी अर्पणपत्रिकेत कुणा राष्ट्राध्यक्षाला बसवलं नाही. त्यांनी तिथल्या गुलामीशेजारी इथली गुलामी ठेवली आणि विचारलं, आता तुम्ही काय करता?

म्हणून गुलाम बाळगणाऱ्या राष्ट्राध्यक्षांचा जो आक्षेप मी वर ठेवला होता, तो मला तुलना बंद करण्याचं कारण वाटत नाही. उलट तुलना खरी तिथूनच सुरू होते. टॉमस जेफर्सन घ्या. सगळी माणसं समान जन्मतात, हे वाक्य त्याच्या हातचं. गुलामी हा अन्याय आहे हे त्यानं लिहिलं. देव न्यायी आहे हे आठवलं की माझ्या देशासाठी मी थरथरतो, असंही लिहिलं. आणि आयुष्यभरात सहाशेहून जास्त माणसं गुलाम म्हणून बाळगली. हयातीत मुक्त केली दोन, मृत्युपत्रानं पाच. तो गेल्यावर कर्ज फेडायला मॉन्टिसेलो या त्याच्या मळ्यावर १३० माणसांच्या लिलावाची जाहिरात निघाली. प्रश्नावलीत जेफर्सन आला की माणूस खूश होतो: विद्वान, ग्रंथप्रेमी, व्हायोलिन वाजवणारा. मीही पुस्तकं जमवते, चला, मी जेफर्सन!

आहेच मी जेफर्सन. पुण्याच्या घरी आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशींचा कप वेगळा होता. दांडी तुटलेला, मागच्या खिडकीच्या कट्ट्यावर पालथा घातलेला. सासूबाईंच्या वेळची रीत. त्याच काळात मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवत होते, कलम १७ फळ्यावर लिहीत होते: अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे. कप दिसत होता, कलमही दिसत होतं, आणि दोन्हींच्या मध्ये माझ्याकडे कारणं होती. सासूबाईंना आवडणार नाही. स्वच्छतेचा प्रश्न आहे. मावशींनाच तो कप सवयीचा झालाय. सासूबाई गेल्या त्यानंतरही तो कप दोन वर्षं तिथेच होता. जेफर्सनकडेही कारणं होती: कर्ज आहे, समाज तयार नाही, हे काम पुढच्या पिढीचं आहे. त्याच्या आणि माझ्या अन्यायाचं माप एक नाही, ते एका तराजूत घालायचा निलाजरेपणा मी करणार नाही. पण कारणं देण्याची ती पद्धत मला ओळखीची आहे, अक्षर ओळखावं तशी. कुठल्याही चाचणीनं मला माझ्याबद्दल इतकं सांगितलेलं नाही. मी पुस्तकप्रेमी जेफर्सनशी स्वतःला जुळवून थांबले असते, तर हे मला कधीच दिसलं नसतं.

दुसऱ्या दिवशी नात माझ्या खोलीत तो कागद घेऊन आली. कूलिजबद्दल मी तिला थोडं सांगितलं. त्याचा सोळा वर्षांचा मुलगा टेनिस खेळताना पायाला फोड आला आणि त्यातून रक्तात विष भिनून १९२४च्या जुलैत गेला. मुलाबरोबर या पदाचं वैभवही गेलं, असं त्यानं पुढे लिहिलं. हेही सांगितलं की या 'अबोल' माणसानं पत्रकारांना आठवड्यातून दोनदा बोलावून पाचशेहून जास्त पत्रकार परिषदा घेतल्या. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग पेन्सिल घेऊन 'का ते लिही'च्या दोन ओळींत इंग्रजीत एकच वाक्य लिहिलं आणि कागद दप्तरात घातला. मराठीत ते असं होईल: 'मी कूलिजसारखी नाही, तो माझ्यापेक्षा खूप जास्त बोलायचा.'